लॉगिन अडकलं की दोष कुणाचा? डिरेक्टरी सर्व्हरचा वेग: कॅश, लॉग आणि कनेक्शन

सोलापुरातून तुमच्याशी बोलतोय. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना येणारं "म्हणजे" आणि "काय की" थोडं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काहीजण स्किप करतील. डिरेक्टरी सर्व्हर. पण थांबा. कॉलेजच्या वायफायला तुम्ही युजरनेम-पासवर्ड टाकता, लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून आपल्याच फाइल्स उघडता, ऑफिसात एकाच पासवर्डवर मेल, हजेरी, रजा सगळं चालतं. या सगळ्यामागे बहुतेक वेळा एक सर्व्हर गुपचूप बसलेला असतो. "हा माणूस आपला आहे का? पासवर्ड बरोबर आहे का? तो कुठल्या ग्रुपमध्ये आहे?" एवढ्याच प्रश्नांची उत्तरं तो दिवसभर देतो. तो चालतोय तोवर त्याची कुणाला आठवण येत नाही. तो मंदावला की मात्र सगळं एकदम अडकतं, आणि शिव्या खातं नेटवर्क.

ती सकाळ

मी तेव्हा सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळायचो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण या गोष्टीत चूक कॉलेजची कमी आणि माझी जास्त आहे. ते पुढे सांगतोच.

प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस. सकाळी दहाची बॅच. साठ मशीन, साठ पोरं-पोरी. घड्याळात दहा वाजले आणि सगळ्यांनी एकाच वेळी युजरनेम टाकून एंटर दाबलं. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. दोन-चार जण आत गेले, बाकीचे तसेच. कुणी परत एंटर दाबतंय, कुणी मशीन रीस्टार्ट करतंय. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघतायत. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही दहा मिनिटं नंतर वाढवून मिळतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेळ माझ्या हातात नव्हता. हातात सर्व्हर होता, आणि तो का अडकलाय हे मला माहीत नव्हतं.

त्याआधी महिनाभर "लॉगिन स्लो आहे" अशी कुरकुर सुरूच होती. आम्ही काय केलं होतं? सर्व्हरची रॅम दुप्पट केली होती. खर्च झाला, फरक शून्य. त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा मी तो प्रश्न विचारला जो महिन्यापूर्वी विचारायला हवा होता: हा सर्व्हर नेमकं कशात वेळ घालवतोय?

आजच्या एपिसोडचं सार एवढंच. डिरेक्टरी सर्व्हर मंदावतो तेव्हा बहुतेक वेळा तो अशक्त नसतो. आपण त्याला नको ते काम लावलेलं असतं. ते काम शोधा आणि काढून टाका. मशीन बदलायचा विचार त्यानंतर.

आधी थोडी ओळख

या सर्व्हरशी बोलायची जी भाषा आहे तिला एलडॅप म्हणतात. त्याआधी एक्स ५०० नावाचं भलं मोठं, जड मानक होतं. १९८८ चं. साध्या पीसीला ते झेपायचं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती केली, तिचं पहिलं मानक १९९३ मध्ये आलं. नावातला पहिला एल म्हणजे 'लाइटवेट', हलका. आज आपण जी तिसरी आवृत्ती वापरतो ती १९९७ ची.

फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नावं लक्षात ठेवा. एक ओपनएलडॅप. हा प्रकल्प १९९८ मध्ये मिशिगनच्याच कोडवरून उभा राहिला. दुसरं नाव गमतीशीर आहे: ३८९ डिरेक्टरी सर्व्हर. एलडॅपचा पोर्ट नंबर ३८९, तेच नाव. मुळात हा नेटस्केपचा सर्व्हर. २००४ च्या अखेरीस रेड हॅटनं तो विकत घेतला, २००५ मध्ये कोड खुला केला आणि २००९ मध्ये त्याला हे नाव मिळालं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिरेक्टरी ही मुख्यतः वाचायची वस्तू आहे. नोंद एकदा होते, ॲडमिशनच्या वेळी. मग चार वर्षं ती हजारो वेळा वाचली जाते. आज आपण जे जे बघणार आहोत, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पहिलं नको ते काम: शोधत बसणं

फोनमध्ये कॉन्टॅक्ट कसा शोधता? दोन अक्षरं टाइप केली की नाव वर येतं. समजा ती सोय नाही आणि पाच हजार नावं एकेक करून वाचायची आहेत. इंडेक्स नसलेल्या सर्व्हरचं असंच होतं.

आमच्या सर्व्हरवर हेच चाललं होतं. वर्षभरापूर्वी आम्ही तो जुन्या मशीनवरून नव्यावर हलवला होता. डेटा आला, पासवर्ड आले, लॉगिन चालू झालं. आम्ही खूश. पण इंडेक्सच्या ओळी जुन्या कॉन्फिगमध्येच राहून गेल्या. नव्यात फक्त एकच इंडेक्स होता, 'ऑब्जेक्टक्लास' या गुणधर्माचा.

आता लॉगिनच्या वेळी मशीन विचारतं: "ज्याचा यूआयडी अमुक आहे आणि ज्याचा ऑब्जेक्टक्लास पॉझिक्स अकाउंट आहे, तो दे." सर्व्हर बघतो, यूआयडीचा इंडेक्स नाही. ऑब्जेक्टक्लासचा आहे, तो वापरू. पण पॉझिक्स अकाउंट कोण नाही? सगळेच विद्यार्थी! म्हणजे इंडेक्स वापरूनही हातात पाच हजार नावं, आणि मग ती एकेक तपासायची. इंडेक्स असणं पुरेसं नाही मंडळी. ज्यावर खरोखर शोध होतो आणि ज्यानं यादी लहान होते, त्याचा इंडेक्स हवा.

हे ओळखायचं कसं? ओपनएलडॅप स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवतो: यूआयडी, "नॉट इंडेक्स्ड". आमच्या लॉगमध्ये ही ओळ वर्षभर पडून होती. कुणी वाचली नव्हती. ३८९ वापरत असाल तर त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये शोधाच्या निकालापुढे 'नोट्स' असं लिहून यू किंवा ए हे इंग्रजी अक्षर येतं. यू म्हणजे शोधाच्या काही भागाला इंडेक्सचा उपयोग झाला नाही. ए म्हणजे काहीच उपयोग झाला नाही, अख्खा डेटाबेस चाळला. ए दिसलं की तिथंच थांबा, बाकीचं नंतर बघा.

लॅब आणि वायफायसाठी साधारण यूआयडी, यूआयडी नंबर, जीआयडी नंबर, ग्रुपची मेंबर यादी आणि एखादं पोर्टल मेलवरून शोधत असेल तर मेल, एवढ्यांचा 'इक्वॅलिटी' इंडेक्स लागतो. नावाचा तुकडा टाकून शोधायचा असेल, म्हणजे "कुल" टाकलं की कुलकर्णी यावं, तर 'सबस्ट्रिंग' इंडेक्स वेगळा करावा लागतो. पण म्हणून सरसकट सगळ्याचा इंडेक्स करू नका. प्रत्येक इंडेक्स म्हणजे नोंद बदलताना आणखी एक वही अपडेट करणं. लिहिणं हळू होतं, जागा जाते.

एक खड्डा सांगून ठेवतो, मी त्यात पडलोय. ओपनएलडॅपची जुनी पद्धत, एकाच टेक्स्ट फाइलचं कॉन्फिग, वापरत असाल तर नुसती इंडेक्सची ओळ घालून भागत नाही. सर्व्हर बंद करून 'स्लॅपइंडेक्स' चालवावं लागतं. तेही सर्व्हर ज्या युजरच्या नावानं चालतो त्याच नावानं. रूटनं चालवलं तर फाइल्सची मालकी रूटकडे जाऊ शकते, आणि मग सर्व्हर उठतच नाही. नव्या पद्धतीत, जिथं कॉन्फिगही डिरेक्टरीतच असतं, तिथं ओळ घातली की सर्व्हर चालू असतानाच मागे इंडेक्स तयार होतो.

कॅश: घरातला हौद

आता कॅश. सोलापूरकरांना कॅश समजावायची गरज नाही. आपल्याकडे उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून घरोघरी हौद आहे, गच्चीवर टाकी आहे, स्वयंपाकघरात हंडा-कळशी आहे. तहान लागली की कुणी उजनीला जात नाही. आधी कळशी, मग हंडा, मग टाकी. कॅश म्हणजे हेच. आणि आपल्याला हेही माहीत आहे की पाणी शिळं होतं. कॅशचंही तसंच. दोन्ही गोष्टी धरून चला.

कळशी म्हणजे तुमच्या समोरच्या लॅबच्या मशीनमधली कॅश. लिनक्सवर हे काम बहुधा एसएसएसडी नावाचा प्रोग्रॅम करतो. एकदा विचारलेली माहिती तो स्वतःकडे ठेवतो. मूळ सेटिंग ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. तेवढ्या वेळात परत तोच प्रश्न आला तर सर्व्हरला त्रास नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की एखाद्याचा ग्रुप तुम्ही आत्ता बदलला, तर लॅबच्या मशीनला ते दीड तासानं कळू शकतं. "सर, मला नव्या ग्रुपमध्ये घातलंत ना, मग फोल्डर का उघडत नाही?" याचं उत्तर बऱ्याचदा शिळं पाणी. एसएसएसडीची कॅश रिकामी करायची वेगळी कमांड आहे, ती लिहून भिंतीला चिकटवा. पासवर्डची मात्र काळजी नको. सर्व्हर चालू असताना साध्या मांडणीत पासवर्ड दरवेळी सर्व्हरकडूनच तपासला जातो.

एसएसएसडीमधल्या दोन सेटिंग फार कामाच्या. 'एन्युमरेट' बंद ठेवा. मुळात बंदच असतं, पण जुने लेख वाचून लोक चालू करतात, आणि मग प्रत्येक मशीन अधूनमधून सगळ्या युजरची अख्खी यादी मागत बसतं. दुसरी, 'इग्नोर ग्रुप मेंबर्स'. एका ग्रुपमध्ये अख्खं वर्ष कोंबलेलं असेल, तर एका मुलाच्या लॉगिनसाठी शेकडो मुलांची नावं ओढली जातात. ही सेटिंग चालू केली की ते थांबतं. लॉगिनला तुमचा ग्रुप कळला तरी पुरतं, ग्रुपमध्ये बाकी कोण आहे याचं काय करायचंय?

आता टाकी आणि हौद, म्हणजे सर्व्हरवरची कॅश. इथं गोंधळ फार आहे, कारण इंटरनेटवरचे अर्धे लेख जुने आहेत. ओपनएलडॅपमध्ये पूर्वी बर्कली डीबी होता. त्याची एंट्री कॅश वेगळी, इंडेक्सची कॅश वेगळी, डेटाबेसची कॅश वेगळी. तीन नळ, तिघांचं माप जुळवायचं. ते सगळं २०२१ च्या २.५ आवृत्तीत काढून टाकलं. आता आहे एलएमडीबी. तो फाइल थेट मेमरीत मॅप करतो, स्वतःची कॅश ठेवतच नाही. जे ठेवायचं ते ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या मोकळ्या रॅममध्ये ठेवते. म्हणजे तुमचं काम एकच: रॅम मोकळी राहू द्या. त्याच मशीनवर पोर्टल, डेटाबेस आणि बॅकअप कोंबू नका.

एलएमडीबीत एक आकडा मात्र बघावाच लागतो, 'मॅक्ससाइझ'. डेटाबेस जास्तीत जास्त केवढा वाढू शकतो याची ही मर्यादा. काही न सांगितलं तर फक्त १० एमबी. ती भरली की नवीन नोंद होत नाही. ६४ बिटच्या मशीनवर हा आकडा सढळ हातानं मोठा ठेवा. तेवढी रॅम लगेच खर्च होत नाही, नुसती पत्त्यांची जागा राखून ठेवली जाते.

३८९ मध्ये मात्र स्वतःची एंट्री कॅश असते. नव्या आवृत्त्या मशीनची मेमरी बघून मापं स्वतः ठरवतात. तुम्ही बघायचं ते 'हिट रेशो'. शंभर प्रश्नांपैकी किती उत्तरं कॅशमधून गेली? सगळा डेटा मावत असेल तर तो शंभराच्या जवळ हवा. कमी असेल तर एंट्री कॅश वाढवा. मात्र सर्व्हर नुकताच चालू झाला असेल तर आकडा बघू नका. हौद भरायलाही वेळ लागतोच की.

आता सांगा, आमची रॅम वाढवून फरक का पडला नाही? हिशेब करू. पाच हजार नोंदी, एकेक दोन-तीन केबी धरा. दहा-पंधरा एमबी. व्हॉट्सॲपवर येणारा लग्नाचा व्हिडिओ यापेक्षा मोठा असतो! सगळा डेटा आधीपासूनच मेमरीत होता. आम्ही भरलेल्या हौदाशेजारी दुसरा हौद बांधला. अडचण पाण्याची नव्हतीच, अडचण शोधण्याची होती. कॅश वाढवण्याआधी हा गुणाकार करा, दोन मिनिटांचं काम आहे.

लॉग: चहावाल्याची वही

आता माझी चूक.

सात रस्त्यावर एखादा चहावाला उधारीच्या वहीत लिहितो: अमुक, दोन कप. पुरेसं आहे. पण समजा तो लिहायला लागला: भांडं उचललं, पाणी ओतलं, पहिला चमचा साखर, दुसरा चमचा साखर... गिऱ्हाईक निघून जाईल, चहा उकळून जाईल.

ओपनएलडॅपचा लॉगलेव्हल असाच असतो. २५६ म्हणजे 'स्टॅट्स': कोण जोडला गेला, काय विचारलं, निकाल काय, किती नोंदी दिल्या. २.५ पासून प्रत्येक निकालापुढे किती वेळ लागला तेही येतं. ही दोन कपवाली वही. आणि उणे १ म्हणजे 'सगळं'. नोंद तपासली तर ती ओळ, परवानगी तपासली तर ती ओळ, चमचा-चमचा.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी एका मुलाचं लॉगिन का होत नाही हे शोधायला मी लॉगलेव्हल उणे १ केला होता. कारण सापडलं. लेव्हल परत खाली आणायचा मी विसरलो.

आता दोन्ही गोष्टी जोडून बघा. इंडेक्स नाही म्हणून एका शोधाला पाच हजार नोंदी तपासायच्या. लॉग 'सगळं' वर आहे म्हणून प्रत्येक नोंद तपासताना दोन-चार ओळी लिहायच्या. म्हणजे एका शोधाला हजारो ओळी. एका लॉगिनला असे अनेक शोध. आणि दहा वाजता साठ लॉगिन एकदम! इथं बेरीज होत नाही, गुणाकार होतो. नुसता इंडेक्स नव्हता तेव्हा कुरकुर होती. नुसता लॉग वाढलेला असता तरी कदाचित भागलं असतं. दोन्ही एकत्र आले आणि परीक्षा अडकली.

मग लॉग बंदच करावा का? अजिबात नाही. आम्हाला उत्तर सापडलं ते लॉगमध्येच. डोळे मिटून गाडी जोरात पळत नाही. स्टॅट्स चालू ठेवा. खोलात शिरायचं असेल तेव्हा लेव्हल वाढवा, पण वाढवतानाच फोनवर अर्ध्या तासाचा अलार्म लावा. मी आजही लावतो.

बाकी तीन गोष्टी. लॉग आणि डेटाबेस शक्यतो वेगळ्या डिस्कवर ठेवा, म्हणजे लॉगनं डिस्क भरली तरी डेटाबेस अडकत नाही. फाइल ठरावीक आकाराची झाली की फिरवायची आणि जुन्या काढून टाकायची सोय करा. ३८९ मध्ये ॲक्सेस लॉगचं 'बफरिंग' मुळात चालू असतं, म्हणजे ओळी साठवून एकदम लिहिल्या जातात. लाइव्ह बघायला कुणी ते बंद केलं असेल तर परत चालू करा. ओपनएलडॅपच्या २.६ मध्ये सिसलॉगला वळसा घालून थेट फाइलमध्ये लिहायची सोय आली आहे. लॉग जास्त असेल तर ती वापरून बघा.

आणि एक जबाबदारी. लॉगमध्ये कोण कधी कुठून आत आला हे सगळं असतं. काही खोल लेव्हलला नेटवर्कवरून येणारा मजकूरही उतरू शकतो, त्यात पासवर्ड असू शकतो. ती फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवू नका. मदत मागताना ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी नावं झाका.

कनेक्शन: चौकशीची खिडकी

तिसरी भानगड. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. एक जण विचारतो, "पंढरपूरची गाडी किती वाजता?" उत्तर मिळतं. आणि तो तिथंच उभा राहतो. मग दुसरा येतो, विचारतो, तोही उभा राहतो. खिडकी मोकळी आहे, आतला माणूस रिकामा आहे, पण पुढे यायला वाटच नाही.

आमचं एक हजेरीचं पोर्टल होतं. प्रत्येक प्रश्नाला ते नवीन कनेक्शन उघडायचं आणि बंद करायचं विसरायचं. ओपनएलडॅपमध्ये 'आयडल टाइमआउट' मुळात शून्य असतो. शून्य म्हणजे कधीच हाकलू नका. उघडी कनेक्शन साचत गेली. लिनक्समध्ये प्रत्येक कनेक्शनला एक फाइल डिस्क्रिप्टर लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी एका प्रोसेसची मर्यादा १०२४ असते. त्यात सर्व्हर मंद, म्हणून लॅबची मशीन वाट बघून कंटाळायची आणि परत नवीन कनेक्शन उघडायची. शेवटी लॉगमध्ये ओळ आली: "टू मेनी ओपन फाइल्स". दार बंद.

इथं करायचं काय?

एक, आयडल टाइमआउट ठेवा, पण फार कमी नको. चांगली लिहिलेली ॲप 'पूल' ठेवतात: चार-पाच कनेक्शन उघडी, तीच परत परत वापरायची. टीएलएसमध्ये सुरुवातीची ओळखपाळख महाग असते, ती पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून पूल. सर्व्हरनं ती कनेक्शन आधीच तोडली तर ॲपला मधेच एरर येतो. म्हणून सर्व्हरचा टाइमआउट हा ॲपच्या पूलच्या टाइमआउटपेक्षा जास्त ठेवा.

दोन, डिस्क्रिप्टरची मर्यादा वाढवा, पण योग्य जागी. बरेच जण लिमिट्सच्या फाइलमध्ये आकडा वाढवतात आणि सर्व्हरला फरक पडत नाही. कारण ती फाइल लॉगिन करून आत येणाऱ्या माणसांसाठी आहे. सिस्टिमडीनं चालू केलेल्या सर्व्हिसला तिच्या युनिटमध्ये 'लिमिट नो-फाइल' द्यावं लागतं. यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे, तुमची जाऊ नये.

तीन, थ्रेड. ओपनएलडॅपमध्ये मुळात १६ असतात. "साठ मुलं आहेत तर साठ थ्रेड करू" असं वाटतं. नका करू. खिडकीमागे माणसं वाढवली तरी गाड्यांच्या वेळांचा तक्ता एकच असेल तर ती एकमेकांना अडवतात. एकेक उत्तर मिलिसेकंदात जात असेल तर १६ थ्रेड खूप झाले.

चार, सर्व्हर एका शोधाला मुळात ५०० नोंदीच देतो. पोर्टलची यादी ५०० वर तुटली की लोक मर्यादाच काढून टाकतात. त्यापेक्षा फक्त पोर्टलच्या खात्याची मर्यादा वाढवा आणि त्याला पानापानानं मागायला शिकवा, त्याला 'पेज्ड रिझल्ट्स' म्हणतात. नुसत्या पानांनी भागत नाही, कारण ओपनएलडॅपमध्ये सगळ्या पानांच्या बेरजेलाही मुळात तीच मर्यादा लागते. मर्यादा ही सर्व्हरची ढाल आहे, ती सगळ्यांसाठी खाली ठेवू नका.

मग कुठून सुरू करायचं?

क्रम लक्षात ठेवा, स्क्रीनशॉट काढा हवं तर.

१. लॉग वाचा. सर्वात हळू शोध कोणते आणि सर्वात जास्त वेळा येणारे कोणते? ३८९ बरोबर 'लॉगकॉन्व्ह' नावाची स्क्रिप्ट येते, ती ही मोजणी करून देते.
२. लॉगलेव्हल तपासा. कुणी वर करून विसरलंय का?
३. इंडेक्स नसलेले शोध बंद करा.
४. उघडी कनेक्शन मोजा आणि ती कुणाची आहेत ते बघा.
५. मग कॅश. आधी लॅबच्या मशीनची, नंतर सर्व्हरची.
६. हे सगळं करून कमी पडलं, तरच रॅमचं कोटेशन मागवा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी मोजा, बदलल्यावर मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि वेग वाढला, तर कशानं वाढला हे कधीच कळत नाही. मग पुढच्या वेळी परत पाचही बदलत बसावं लागतं.

आम्ही त्या दुपारी लॉगलेव्हल २५६ वर आणला, त्याच संध्याकाळी यूआयडीचा इंडेक्स केला, दुसऱ्या दिवशी टाइमआउट आणि मर्यादा बदलल्या. पुढची बॅच दहा वाजता बसली आणि एंटर दाबल्यावर नाव टाइप करून हात उचलायच्या आत डेस्कटॉप आला. एकही रुपया खर्च झाला नाही. पहिल्या बॅचची ती मिनिटं मात्र परत आली नाहीत. त्या मुलीचा प्रश्न मला अजून आठवतो, म्हणून हा एपिसोड.

घरी करून बघा

लॅपटॉपवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ओपनएलडॅप टाका. छोट्या स्क्रिप्टनं पाच हजार खोटी नावं भरा. खऱ्या मित्रांची माहिती घेऊ नका. इंडेक्स न करता एक शोध घ्या, वेळ लिहून ठेवा. लॉगलेव्हल उणे १ करून परत घ्या. मग लेव्हल खाली, इंडेक्स चालू, परत तोच शोध. तीन आकडे कागदावर येतील. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला इंटरव्ह्यूला जाल तेव्हा "मला लिनक्स येतं" म्हणण्यापेक्षा हे तीन आकडे आणि त्यांचं कारण सांगा. समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसेल.

तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका, म्हणजे पुढच्या वेळी त्यावरच बोलू. आणि हो, कुणी सध्या लॉगलेव्हल वर करून हे ऐकत असेल, तर आधी तो खाली करा, मग पुढचा एपिसोड लावा. भेटू!